परतीचे दोर कोणी कापायचे?

प्रश्न:

काका, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातली. वय २४. बी.एस्सी. ॲग्री झाल्यावर अमरावतीला खोली करून दोन वर्षं एमपीएससीचा अभ्यास केला. दोन्ही वेळा पूर्व परीक्षेतच अडकले, दुसऱ्यांदा तर थोडक्यात. होळीपासून घरी आहे. पाच एकर कोरडवाहू, धाकटा भाऊ बारावीत.

घरी आल्यापासून जो येतो तो सल्ला देतो. आमच्या गावचे एक जण सहा-सात वर्षांपूर्वी राज्यसेवेतून मोठे अधिकारी झाले. मागच्या महिन्यात त्यांचा सत्कार झाला. ते म्हणाले, "परतीचे दोर कापून टाका, तरच गड सर होतो. दुसरा पर्याय ठेवला की माणूस ढिला पडतो." माझे मोठे बाबा कृषी केंद्र चालवतात. ते म्हणतात, "कायले बाहेर जातं? तुही डिग्री लायसनले लाव अन् घरबसल्या महिन्याले पाच हजार घे." मामेबहीण पुण्याला कंपनीत आहे, ती म्हणते इकडे ये, तिथं राहून काही होत नाही. मोबाईल उघडला की शेळीपालनातून वर्षाला दहा लाख कमावणारे दिसतात. बाबा म्हणतात, तुझं तू ठरव. आई म्हणते, स्थळं येऊन राहिली. मावसभाऊ पाच वर्षं पुण्यात एमपीएससी करून परत आला, पण त्याचं काही झालं नाही, आता आर्णीला मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलंय, त्याला काय विचारणार? सगळे माझ्या भल्याचंच सांगतात. मी ऐकू कोणाचं?

— गोंधळलेली, जि. यवतमाळ

उत्तर:

बेटा, तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यात सात माणसं आहेत. सहा जणांचं म्हणणं तू लिहिलंस, सातव्याला तू काही विचारलंच नाहीस. त्याच्याकडे शेवटी येतो. आधी स्टेजवरच्यांचं पाहू.

मी चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बहुतेक तालुक्याच्या शाखांत, कर्जाच्या टेबलावर. माझ्या पाठीमागं दोन लोखंडी कपाटं असायची. डावीकडे चालू खाती, उजवीकडे थकीत. म्हशी, शेळ्या, ठिबक, मळणीयंत्र, काळीपिवळी जीप, सगळ्या धंद्यांच्या फायली दोन्ही कपाटांत होत्या. एकच योजना, एकच वर्ष, कधी तर धुऱ्याला धुरा लागलेले दोन शेजारी, एक डाव्या कपाटात, एक उजव्या. वरून कोणी साहेब पाहणीला आला की आम्ही त्याला डावीकडच्यांच्या घरी न्यायचो. शाल, नारळ, गोठ्यासमोर फोटो. मग लाभार्थ्याला विचारायचं, तुमच्या यशाचं रहस्य काय? तो बिचारा हात जोडून म्हणायचा, "मेहनत, साहेब." मेहनत उजव्या कपाटातल्यानंही केली होती. त्याच्या गोठ्यात फोटोवाला कधी गेला नाही, एवढंच.

तुमच्या गावात झाला तो सत्कार म्हणजे डावं कपाट.

तुमचे साहेब खोटं बोलले असं मी म्हणत नाही. माणूस आपल्या यशाबद्दल खोटं क्वचितच बोलतो, त्याला ते नीट दिसत नाही हा खरा घोटाळा. नाल्याकाठी ज्याचं वावर आहे त्याची पऱ्हाटी सगळ्यांच्या मागून सुकते. त्याला विचारशील तर तो सांगेल, मी डवरणी वेळेवर करतो. करतही असेल. नाल्याची ओल त्याच्या हिशेबात येतच नाही, कारण तिच्यासाठी त्याला कधी काही करावं लागलेलं नाही. म्हणून साहेब पुन्हा गावात आले की त्यांना एकटं गाठ आणि विचार: अभ्यासाच्या वर्षांत खोलीचं भाडं कोण भरत होतं? घरी पगार होता का? शेत कोण पाहत होतं? कितव्या प्रयत्नात निघालात, आणि त्या वर्षी जागा किती होत्या? पदाचा दबाव घेऊ नको, नीट विचारलं तर चांगली माणसं सांगतात. "वडील शिक्षक होते" असं उत्तर आलं, तर समज की साहेबांनी एक दोर कापला असेल, पण दुसरा घरच्या खुंटीला घट्ट बांधलेला होता.

आणि दोराचीच गोष्ट काढलीय तर ती पुरती आठव. १६७० साली कोंढाण्यावर तानाजी पडल्यावर मावळे माघारी पळायला लागले, तेव्हा सूर्याजीनं दोर कापल्याचं ओरडून सांगितलं, अशी ती आपण लहानपणापासून ऐकतो. पण सूर्याजी तेव्हा उभा कुठं होता? गडावरच. दोर तुटल्यावर मरायची पाळी आली असती तर इतरांबरोबर तोही मेला असता. पायथ्याशी सावलीत बसून "कापा रे दोर" असं कोणी वर ओरडलेलं नाही. तू दोर कापलास आणि गड हाती नाही आला, तर साहेबांच्या पगारातला एक रुपयाही कमी होणार नाही. यात त्यांची चूक काही नाही. पण ज्याचं काही जात नाही तो बेधडक सल्ला देऊ शकतो, हे ऐकताना ध्यानात असू दे.

शिवाय त्यांचा गड तोच राहिलेला नाही. ते निवडले गेले तेव्हा राज्यसेवेची मुख्य परीक्षा बहुतेक पर्यायांतून उत्तर निवडायची होती. २०२५ पासून ती वर्णनात्मक झाली आहे. नऊ पेपर, लेखीचे १७५० गुण, वर मुलाखतीचे २७५. गोळे काळे करायची तयारी वेगळी आणि तीन तास बसून मुद्देसूद लिहायची वेगळी. तेव्हा मुख्य परीक्षेसाठी कोणती पुस्तकं वाचावीत, किती तास काय करावं, हा साहेबांचा सल्ला प्रामाणिक असला तरी जुन्या पेपरचा आहे. जुन्या प्रश्नपत्रिका आधी पाहा, रोज वर्तमानपत्र वाचा, एवढं ते म्हणाले असतील तर ते मात्र आजही खरं.

आता माझी स्वतःची एक फाईल उघडतो. उजव्या कपाटातली.

पंचवीसेक वर्षं झाली. एक पोरगा शाखेत आला. त्याला विहिरीवर मोटर बसवायची होती आणि पाइप टाकायचे होते. मी त्याला म्हशी घ्यायला लावल्या. का, तर त्याच आठवड्यात मी शेजारच्या गावात एकाचा गोठा पाहून आलो होतो. सात म्हशी, रोज मोटरसायकलला कॅन बांधून दूध तालुक्याला, हप्ता तारखेच्या आधी जमा. मी पार भारावलेला. वर मार्चअखेरपर्यंत दुग्धव्यवसायाची ठरावीक प्रकरणं मंजूर करायचं उद्दिष्टही आमच्या डोक्यावर होतं. ते मी त्या पोराला सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मी ते स्वतःशीही कबूल केलेलं नव्हतं. मला वाटत होतं, मी त्याचं भलं करतोय.

त्यानं चार म्हशी घेतल्या. पावसाळा बरा गेला. दिवाळीपर्यंत दूध होतं. माघ लागला तसा हिरवा चारा संपला, विहिरीत पाणी माणसांपुरतंच उरलं. कुटार किती दिवस पुरणार, आणि सरकीच्या ढेपीचा भाव तर दर बाजाराला वेगळा. दोन म्हशी आटल्या, एक फळलीच नाही. चैत्रात मी वसुलीला गेलो तेव्हा गोठ्यात एकच म्हैस उभी होती. तीन खुंट्या रिकाम्या, आणि त्यांच्याभोवतीची जमीन खुरांनी घासून घासून सारवल्यासारखी गुळगुळीत झालेली. त्यानं खाट टाकली, लोटाभर पाणी आणून दिलं. मी हप्त्याचं काढायच्या आत तोच म्हणाला, "साहेब, मले तं मोटरच पायजे होती जी."

रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं. त्यानं वर चहा पाजला.

पुढच्या आठवड्यात मी त्या सात म्हशींच्या गोठ्यात पुन्हा गेलो. तिथं मागं कालव्याचं पाणी होतं. दोन एकरांत बारमाही हिरवा चारा उभा होता. बायको आणि तिचे दोन भाऊ पहाटे चारपासून राबत होते. आणि दूध ज्या हॉटेलात जायचं ते हॉटेल त्याच्या साडूचं होतं. हे सगळं पहिल्या खेपेलाही माझ्या डोळ्यांसमोरच होतं, पण तेव्हा मी म्हशी मोजत होतो.

त्या पोराच्या सातबाऱ्यावर बोजा चढला. माझी बदली झाली, दोन वर्षांनी बढतीही मिळाली.

तेव्हा शेळीपालनाच्या व्हिडिओत तू शेळ्या मोजू नकोस. दहा लाख आले कशातून ते पाहा. मटणासाठी विकलेल्या बोकडांतून, की दुसऱ्या नवशिक्यांना पैदाशीसाठी विकलेल्या पिल्लांतून, की दोन दिवसांच्या प्रशिक्षणाच्या फीमधून? इमूचं प्रकरण तुझ्या बाबांना आठवत असेल, विचार त्यांना. पिल्लं विकणारे अंडी आणि पक्षी परत घ्यायचं लिहून देत होते. जोवर नवा शेतकरी येऊन पिल्लं घेत होता तोवर जुन्याला पैसा दिसत होता. इमूचं मटण खाणारं गिऱ्हाईक कुठं होतं? ते कधी नव्हतंच. २०१२ च्या सुमारास सगळं कोसळलं आणि एवढाले पक्षी लोकांच्या अंगणात खात उभे राहिले. शेळी म्हणजे इमू नव्हे, ती आपल्याकडं पिढ्यानपिढ्या विकली जाते, आणि आपली बेरारी शेळी आपल्या उन्हाला तोंड देते. करायचंच असेल तर चार शेळ्यांपासून, स्वतःच्या चाऱ्यावर, आणि आधी गावातल्या दोन शेळीवाल्या बायांपाशी बसून. त्या यूट्यूबवर नाहीत, पण कोणत्या महिन्यात पिल्लं दगावतात हे त्यांना तोंडपाठ असतं.

मोठ्या बाबांचं मात्र जरा रोखठोक सांगतो, घरातलं माणूस आहे म्हणून मनाला लावून घेऊ नको. कीटकनाशक विकायच्या परवान्यासाठी आता कृषीची किंवा त्याच्या जवळच्या विज्ञान शाखेची पदवी-पदविका लागते. ती तुझ्याकडे आहे. म्हणजे त्यांच्या सल्ल्यात तुझ्या भल्याबरोबर त्यांची गरजही आहे. गरज असणं पाप नाही, ती बोलून दाखवली असती तर मी त्यांच्या सल्ल्याला जास्त मार्क दिले असते. पदवी दुकानाच्या भिंतीवर आणि तू घरी, हे अजिबात करू नको. २०१७ च्या हंगामात आपल्याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक माणसं दगावली, तुला आठवत असेल, तू तेव्हा शाळेत असशील. तेव्हा कोणत्या दुकानातून काय विकलं गेलं इथपर्यंत विचारणा झाली. अशा वेळी कागदावर ज्याचं नाव, त्याला उत्तर द्यावं लागतं. पाच हजारांत तू नाव भाड्यानं देशील आणि जबाबदारी फुकट जाईल.

पण त्यांना उलट विचारून पाहा: मी रोज दुकानात बसते, शेतकऱ्याला काय फवारायचं ते मी सांगते, उधारीची वही मला दाखवा, पगार द्या आणि नफ्यात हिस्सा द्या. हो म्हणाले, तर तो सल्ला खरा होता. हसण्यावारी नेलं, तर त्यांना तू नको होतीस, कागद हवा होता.

मामेबहिणीला विचारायचं सोपं आहे. खोलीत किती जणी राहतात, पगार कंपनी देते की ठेकेदार, महिनाअखेर हातात किती उरतात. "इथं लाइफ आहे" याला उत्तर धरू नको.

आईबाबांनी दिलाय तो सल्ला नाही, बेटा. "तुझं तू ठरव" म्हणणारा बाप एक तर फार मोठ्या मनाचा असतो, नाही तर फार घाबरलेला. बहुधा दोन्ही. त्यांना मत विचारू नको, आकडा विचार. येत्या वर्षभरात घरातून माझ्यासाठी किती निघतील? पुढच्या वर्षी भावाच्या प्रवेशाला किती लागतील? सोयाबीन गेलं तर? बापाला पोरीसमोर मत मांडायला अवघड जातं, हिशेब मांडायला जात नाही. आणि आई स्थळांचं बोलते ती खरं तर तारीख सांगतेय, मनातल्या मनात धरलेली. कोणती, ते उघड विचारून घे. पोटातली तारीख रोज टोचते. ओठावर आली की तिच्यावर बोलता येतं, सहा महिने मागेपुढे करता येतात.

यात मला सगळ्यात खटकलं ते वेगळंच. गाडगेबाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. जन्मभर कीर्तनं केली, पण त्यांची पद्धत अशी की ते समोरच्यालाच प्रश्न विचारायचे, एकामागून एक, उत्तर लोकांच्याच तोंडून येईपर्यंत. तुझ्या पत्रातल्या सहांपैकी एकानं तरी तुला काही विचारलं का? दुसऱ्यांदा किती गुणांनी हुकलं? पहिल्या पेपरात हुकलं की दुसरा, तो नुसता पास व्हायचा असतो, तोच अंगावर आला? अमरावतीच्या खोलीत दिवस कसा जायचा? डॉक्टर निदान नाडी तरी पाहतो. न विचारता दिलेला सल्ला म्हणजे दुसऱ्याच्या मापाचं शिवलेलं पोलकं, अंगात गेलं तर नशीब. मीही आत्ता तेच करतोय म्हणा. पत्राला उलट प्रश्न विचारता येत नाही. तेव्हा पुढचं वाचताना मलाही याच चाळणीतून काढ. मी बँकवाला, मला बँकच आधी दिसणार, आणि माझी पेन्शन दर महिन्याला सुरू आहे.

मला विचारशील तर दारं वेगवेगळ्या वयाला बंद होतात. एमपीएससीला खुल्या गटासाठी ३८ आणि मागासवर्गासाठी ४३ वर्षांपर्यंत बसता येतं. बँकांमध्ये कृषी अधिकारी घेतात, आयबीपीएस या बँकभरतीच्या संस्थेची परीक्षा असते, तुझी पदवी तिला चालते, आणि तिथं खुल्या गटाचं कमाल वय ३०, राखीव गटांना सवलत. जे दार आधी बंद होतं ते आधी ठोठावावं असं माझं मत. दोन्हीच्या अभ्यासात गणित-बुद्धिमत्तेचा भाग बराचसा एक येतो, आणि कृषीचा तुझा चार वर्षांचा अभ्यास एमपीएससीच्या पूर्व परीक्षेत पडून राहतो तो इथं कामी येतो. साहेब याला "दुसरा पर्याय" म्हणतील, म्हणू देत.

राज्यसेवेचं पुन्हा ठरवण्याआधी महिनाभर एक करून पाहा. रोज एक प्रश्न घे आणि हातानं उत्तर लिही, घड्याळ लावून. आठवड्यानं तुझ्या शाळेतल्या मराठीच्या किंवा इतिहासाच्या मास्तरांना वही दाखव. याला पुणं लागत नाही, अमरावतीही लागत नाही. पंधराव्या दिवशी वही उघडायचा कंटाळा येतोय की आपण आज कालच्याहून बरं लिहिलं म्हणून झोप उडतेय, हे तुला जेवढं कळेल तेवढं सत्काराच्या मंडपातल्या कोणालाही कळणार नाही. "ऐकावं जनाचं, करावं मनाचं" असं आपण म्हणतो खरं, पण सहा महिने जनाचं ऐकल्यावर मनात जनच बसलेले असतात. ती वही तेवढी तुझी स्वतःची राहील.

आणखी एक माहिती सहज देऊन ठेवतो, लगेच धावू नकोस. कृषी पदवीधरांसाठी ॲग्री क्लिनिक आणि ॲग्री बिझनेस सेंटर अशी केंद्राची योजना २००२ पासून आहे. ४५ दिवसांचं प्रशिक्षण असतं, एकट्याच्या वीस लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला बँक कर्ज आणि त्यावर अनुदान, महिलांना ४४ टक्के. आकडा ऐकून डोळे चमकतात, मी पाहिलेत तसे डोळे. पण अनुदान खात्यात शेवटी वळतं करतात आणि हप्ता आधीपासून सुरू होतो, हे योजनेच्या पत्रकात बारीक अक्षरात असतं. म्हणून म्हणतो, आधी मोठ्या बाबांच्या किंवा कोणाच्याही दुकानात वर्षभर पगारावर बस. उधारी कशी बुडते ते दुसऱ्याच्या पैशानं शिकून घे.

आता तो सातवा.

"त्याचं काही झालं नाही, त्याला काय विचारणार," असं तू लिहिलंस. तुझ्या ओळखीत पाच वर्षं पुण्यात काढून आलेला तोच एक माणूस, आणि तोच तुला निरुपयोगी वाटला. त्याला उजव्या कपाटाची किल्ली माहीत आहे. मात्र "मी करू का?" असं त्याला विचारू नको. तो "नको" म्हणेल आणि तेही साहेबांच्या "दोर कापा"इतकंच कच्चं उत्तर असेल. स्वतःची जखम बोलेल त्यात, अभ्यास बोलणार नाही. त्याला हकिकत विचार. पुण्याच्या खोलीत किती जण होते? एकेकाचं नाव घेऊन विचार, आज कोण कुठं आहे? कोणी पीएसआय झालं, कोणी क्लास काढला, कोणी परत येऊन वावर पाहतंय, कोणाचा पत्ताच नाही, हे सगळं वहीत लिही. मग, कितव्या वर्षी तुला पहिल्यांदा वाटलं की आता पुरे, आणि तरी पुढं का थांबलास? घरी किती खर्च झाला, खरा आकडा? आणि मोबाईल दुरुस्ती कुठं शिकलास, किती दिवस लागले? शेवटचा प्रश्न चुकवू नको. पाच वर्षं अपयशी ठरलेल्या पोरानं तालुक्याच्या गावात दुकान उभं केलं, भाडं भरतो, यावर गावात कोणी शाल घातली नसेल.

बाजाराच्या दिवशी जाऊ नकोस, गिऱ्हाईक तुटून पडलेलं असतं. इतर दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला जा. हातात वही धरून समोर बसलीस तर तो आवरून बोलेल, म्हणून मोबाईल दे दुरुस्तीला, चार्जिंगचा पॉइंट साफ करायला का होईना. मान खाली घालून, हातात स्क्रू ड्रायव्हर असताना माणूस मोकळं बोलतो, समोरासमोर बसवून कोणी बोलत नाही. वही एसटीत बसल्यावर लिही. पैसे किती झाले ते विचार, घेणार नाही, तरी विचार.

खोलीतल्या सगळ्यांचा हिशेब लागला की मला कळव. त्यातल्या कोणाचा ठावठिकाणा लागला नाही, तर तेही लिही.

— काका